ऑरिनचा कोट

२ डिसेंबर

कॉलेज अर्धवट टाकून घरी आल्याला दीड महिना होत आला, तरी बाबांनी त्यावर अवाक्षर काढलेलं नाही. ओरडले असते तर मीही ओरडलो असतो, एखादं दार आपटलं असतं आणि प्रकरण मिटलं असतं. पण आमच्या व्हेस्टबीत, नॉर्वेहून आलेल्यांच्या या अमेरिकन खेड्यात, कुणी ओरडत नाही. सकाळी गोठ्यात धारा काढताना बाबा एवढंच म्हणतात, "ती बादली दे." सगळं त्यातच आलं.

आई चर्चमध्ये लोकांना सांगते, "हाल्वर जरा विश्रांती घेतोय." जणू मला विषमज्वर झालाय.

खरं कारण या वहीखेरीज कुठे बोललेलो नाही. ऑक्टोबरात सिग्नेचं पत्र आलं. इकडचं तिकडचं, आणि मध्येच एक वाक्य: 'रविवारी गाण्याच्या तालमीनंतर डुएनने मला घरी सोडलं.' शेवटी, 'तू अभ्यास नीट कर.' दुसऱ्या दिवशी रसायनशास्त्राच्या मास्तरांनी विचारलं, लक्ष कुठे आहे तुझं? मी म्हणालो, "तुमच्याकडे नाही," हातातलं काचेचं भांडं मोरीत आपटलं आणि निघालो. तेव्हा वाटलं, काय पराक्रम केला! बस गावाच्या रस्त्याला लागेपर्यंत शरमेने कान गरम झाले होते. पण बस थोडीच मागे वळते.

आज चर्चच्या तळघरात यूलफेस्टची, म्हणजे नाताळच्या गावजेवणाची, बैठक. सगळी सूत्रं आर्लिस काकूंच्या हातात, दरवर्षीप्रमाणे. मला बघितल्याबरोबर म्हणाल्या, "हाल्वर, तू मोकळाच आहेस ना? मग लुटफिस्कचा सुका मासा खारात भिजतोय, त्या पिंपांचं पाणी तू बदलायचं. रोज. चुकवलंस तर मासा खारानं गळून साबण होईल आणि अख्खं गाव तुला आयुष्यभर ऐकवेल."

'मोकळाच' हा शब्द सगळ्यांनी ऐकला.

मग त्यांनी जाहीर केलं की यंदा बोकडांची फेरी पुन्हा सुरू करायची. आमच्या आजोबांच्या काळी नाताळात निघायची ती. बोकडाचे मुखवटे लावायचे, कुणाचे तरी जुनेपाने कपडे घालायचे, चाल बदलायची, आवाज बदलायचा आणि घरोघर जायचं. घरच्यांनी ओळखायचं. ओळखलं की मुखवटा काढायचा आणि खायला बसायचं. कोण बोकड होणार हे कुणाला सांगायचं नाही, समितीलाही नाही.

"आणि बोलायचं ते श्वास आत ओढत," सेल्मर काका म्हणाले आणि करून दाखवलं. हवा आत घेत 'हो, हो.' चिरकं, पोकळ, जणू विहिरीतून. "असं बोललं की सख्खी आईपण ओळखत नाही."

डुएन म्हणाला, "हाल्वरला कशाला सोंग हवं? त्याला कॉलेजातसुद्धा कुणी ओळखलं नाही."

हशा झाला. सिग्नेही हसली. तोंडावर हात ठेवून, पण हसली. मी म्हणालो, "असल्या पोरखेळात मी नाही," आणि कोट उचलून बाहेर आलो. टोपी आतच राहिली. परत आत जायची लाज वाटली म्हणून डोकं गारठवत घरी आलो.

६ डिसेंबर

मासा व्यवस्थित आहे. मी नाही.

पिंपातलं पाणी बदलत होतो तेव्हा सिग्ने बटाट्यांची पोती न्यायला खाली आली. लेफ्से, म्हणजे बटाट्याच्या पोळ्या, लाटायला बायका वर जमल्या होत्या, तिच्या पापण्यांवरसुद्धा पीठ होतं. बराच वेळ उभी राहून बोलली. मी तिच्या पापण्या बघत होतो, त्यामुळे अर्धंच ऐकलं. जेवढं आठवतं तेवढं लिहितो.

तिच्या रागना आजींना आता आकार तेवढे दिसतात, चेहरे नाहीत. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, त्यात उजव्याचं काहीतरी जास्त बिघडलंय. डॉक्टर म्हणाले, याच महिन्यात ऑपरेशन झालं नाही तर तो डोळा हातचा जाईल. चौदा तारखेला मिनीआपोलिसला न्यायचं ठरलंय, सिग्नेची आई तिकडेच असते. आजी घर सोडायला तयार नव्हत्या, महिनाभर विनवल्यावर परवा एकदाच्या 'बरं' म्हणाल्या.

"घर का सोडायचं नाही त्यांना?" मी विचारलं, काहीतरी विचारायचं म्हणून.

"ऑरिन मामा आला आणि घर बंद दिसलं तर?"

ऑरिन म्हणजे आजींचा मुलगा. मी पहिली-दुसरीत असताना बापाशी भांडून गेला तो गेलाच. ना पत्र, ना फोन. काही लोक म्हणतात अलास्कात मासेमारी करतो, काही म्हणतात नसेलच आता. सिग्ने सांगत होती की थंडी वाढली की आजी अजून म्हणतात, निदान कोट तरी अंगात घालून गेला पोरगा. आजींनीच मागावर विणलेल्या कापडाचा होता तो.

मग वरून डुएनची हाक आली, "सिग्ने, बटाटे चालत येणारेत का?" आणि ती गेली. मी अर्धं पाणी बुटात ओतून घेतलं.

१० डिसेंबर

काल यूलफेस्ट झाला. जे झालं ते क्रमाने लिहितो, नाहीतर मी ते स्वतःला वेगळंच सांगायला लागेन.

दुपारी जेवणाची झुंबड. पांढरा थलथलीत मासा, त्यावर वितळलेलं लोणी, लोक तीन-तीनदा वाढून घेत होते. "मासा कुणी सांभाळला?" "हाल्वरने." बाबा पलीकडच्या टेबलावर होते. मान वर न करता म्हणाले, "मासा बरा झालाय." एवढ्यावर थांबलो असतो तर बरं झालं असतं.

चारलाच अंधार पडला. बोकडांची फेरी निघणार होती. डुएन मघापासून दिसत नव्हता, म्हणजे तो बोकड झाला. आणि फेरी रागना आजींच्या घरी जाणार, तिथे सिग्ने असणार. माझं डोकं फिरलं. पोरखेळ म्हणणारा मी चर्चच्या माळ्यावर चढलो. तिथे आर्लिस काकूंनी मुखवटे मांडून ठेवले होते आणि जुन्या कपड्यांची मोठी पेटी उघडी ठेवली होती. दिवा मुद्दाम लावला नव्हता. चाचपडत एक कोट काढला. जड, लोकरीचा, कॉलरला मेंढीचं कातडं, डाव्या कोपरावर आडवंउभं जाड रफू. मला ढगळ झाला. छान, म्हटलं. पाठीवर उशी बांधली, लंगडायचं ठरवलं.

आम्ही सहा-सात बोकड होतो. सेल्मर काकांच्या घरी कुणीच ओळखू आलं नाही, पण घोटभर कडक मिळालं. मला ते चढलं असं मी म्हणणार नाही. म्हणता आलं असतं तर सोपं होतं.

रागना आजी शेकोटीपाशी खुर्चीत होत्या. सिग्ने दारात हसत उभी. पहिलाच बोकड पुढे झाला आणि ती म्हणाली, "डुएन! अरे मुखवटा लावलास, कान कुठे लपवशील?" आणि तिनं स्वतःच्या हाताने त्याचा मुखवटा ओढून काढला. त्याचे केस उभे राहिले होते ते खाली बसवले. सगळे हसले. माझ्या डोळ्यांपुढे लाल झालं.

मग ती माझ्याकडे वळली. डोकं तिरकं करून बघत राहिली. "थांबा हं. हे उभं राहणं मी कुठेतरी..."

ओळखलं असतं तर? 'पोरखेळात मी नाही' म्हणणारा मी, उशी बांधून, डुएनच्या मागे मागे तिच्या घरात आलेला. सगळ्या गावासमोर.

"मला बघू दे," आजी म्हणाल्या आणि उठल्या. सिग्ने बाजूला झाली, कुणीतरी पोळी मागितली तिकडे गेली. खोलीत गलका चालला होता. आजींनी माझी बाही धरली. हात कोपरापर्यंत आला आणि रफूवर थांबला. बोटं पुन्हा पुन्हा त्यावरून फिरली. मग माझ्या मुखवट्याच्या अगदी जवळ येऊन, मला एकट्याला ऐकू जाईल अशा आवाजात, म्हणाल्या,

"ऑरिन?"

आणि मी श्वास आत ओढत म्हणालो, "हो."

का म्हणालो? सिग्ने परत येत होती, मला सुटायचं होतं, 'हो' म्हटलं की प्रश्न संपतो. एवढंच कारण. याहून मोठं काही असतं तर लिहिलं असतं.

आजी किंचाळल्या नाहीत, रडल्या नाहीत. माझ्या छातीवर एकदा हात थोपटला. "तोंड दाखवायचं नसेल तर राहू दे," म्हणाल्या. "खाऊन तरी जा."

मी पळालो. लंगडायचं विसरून पळालो. कोट पेटीत कोंबला, तळघरात जाऊन माशाचे हंडे घासत बसलो. नंतर हॉलमध्ये नाच होता. सिग्ने उशिरा आली. मी तिला विचारलं, तिनं एक फेरा माझ्याबरोबर धरला. "तू कुठे होतास इतका वेळ?" "हंडे घासत." "बिचारा," ती म्हणाली. मला आनंद झाला. हेही लिहून ठेवतो, मला तेव्हा आनंद झाला होता.

११ डिसेंबर

सिग्ने गोठ्यात आली. डोळे सुजलेले.

"आजी जायचं नाही म्हणते. ऑपरेशन नको म्हणते. ऑरिन मामा परवा येऊन गेला, लाजला म्हणून तोंड न दाखवता गेला, पुन्हा येईल, म्हणते. पुढचं दार लावू देत नाही, हाल्वर. या थंडीत! घरात पाणी गोठतंय आणि ती दाराशी खुर्ची टाकून बसलीय."

मी गाईच्या पाठीवरून हात फिरवत राहिलो.

"कोणीतरी हलकटपणा केलाय," ती म्हणाली. "तो लंगडा बोकड. कोण होता कुणालाच माहीत नाही. बाकी सगळ्यांनी मुखवटे काढले, तो एकटा पळाला. तू फेरीत नव्हतास, म्हणून तुझ्याशी तरी बोलता येतंय. माझ्याबरोबर शोधशील त्याला?"

आता बोल, असं मी स्वतःला म्हणालो. तोंडसुद्धा उघडलं.

"शोधू," मी म्हणालो.

तिनं माझा हात दाबला. शेणाचा हात. वर्षभर ज्याची वाट बघितली ते असं मिळालं.

ती गेल्यावर बाबा पलीकडच्या गाईखालून म्हणाले, "कोण होता म्हणे?"

"माहीत नाही."

"ती बादली दे."

१३ डिसेंबर

दोन दिवस सिग्नेच्या शेजारी गाडीत बसून घरोघर फिरतोय. प्रत्येक घरी कॉफी, प्रत्येक घरी तांदळाची खीर, प्रत्येक घरी तोच प्रश्न. सेल्मर काका म्हणाले, "लंगडा खरा वाटत होता. मधूनमधून पाय बदलत होता एवढंच." मी मान डोलावली, जणू महत्त्वाचा धागा मिळाला.

वाईटातलं वाईट हे, की गाडीत बरं वाटतं. ती थकली की डोकं काचेला टेकवते. एकदा म्हणाली, "तू आलास परत ते बरं झालं." या एका वाक्यासाठी मी कॉलेज सोडलं होतं. ते ऐकलं आणि मला खिडकीची काच खाली करावी लागली.

संध्याकाळी धान्याच्या कोठारावर डुएनला गाठलं. सिग्ने त्याच्यावर तुटून पडली. "तुझ्याच बरोबर चालत होता ना तो? तुला कसं माहीत नाही?"

डुएनने माझ्या बुटांकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग म्हणाला, "अंधार होता."

"अंधार होता! गंमत करायला सगळ्यात पुढे, आणि आता अंधार होता! दुसऱ्या कुणाचं मला काही वाटलं नसतं, डुएन. तू तरी खरं बोलशील असं वाटलं होतं. तू तरी." आणि रडायलाच लागली.

डुएन हातातलं फावडं धरून नुसता उभा राहिला.

गाडीत मला वाटलं, चला, आता हिच्या मनातून हा कायमचा उतरला. हे वाटलं आणि पाठोपाठ स्वतःची किळस आली. पण आधी ते वाटलंच.

१४ डिसेंबर

आज ऑपरेशनचा दिवस होता. आजी दाराशी बसून होत्या. सिग्नेच्या आईने बाविसावी तारीख मागून घेतलीय. त्यानंतर डॉक्टर नाताळच्या सुट्टीवर.

१६ डिसेंबर

सुटका सापडली असं वाटतंय.

यूलफेस्टचं सामान आवरायला आर्लिस काकूंनी मला बोलावलं. माळ्यावर तो कोट पेटीतून अर्धा बाहेर लोंबत होता, मीच कोंबलेला. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, हा कुणाचा?

"तो? तोर्वालने आणून टाकलेला," काकू म्हणाल्या. "रागनाच्या नवऱ्याने रे. ऑरिन गेला त्याच आठवड्यात. गरजूंच्या पेटीत टाक म्हणाला, घरात नको मला. इतकी चांगली लोकर, माझा जीव होईना. नाटकाबिटकाला होईल म्हणून इथे ठेवला. पोरांना मोठा होतो, कुणी कधी घातलाच नाही. मी तर विसरूनच गेले होते."

मी जिना उतरताना जवळजवळ पळत होतो. सोपं आहे की! आजींना एवढंच कळायला हवं की ऑरिनचा कोट इतकी वर्षं चर्चमध्ये होता. म्हणजे तो बोकड ऑरिन नव्हता, कुणीही असेल. आजी समजतील, बॅग भरतील, डोळा वाचेल. माझं नाव यायचं कारणच नाही. उद्या सिग्नेला सांगतो. ती खूश होईल.

१७ डिसेंबर

चर्च सुटल्यावर सांगितलं. सिग्ने खूश झाली नाही. पांढरी पडली.

"हे तिला सांगायचं नाही," म्हणाली. "काही झालं तरी नाही. मला वचन दे."

"का पण? हाच तर पुरावा आहे."

तिनं माझ्याकडे असं बघितलं जणू मी परका आहे. "ऑरिन मामा गेला तेव्हा आजी बहिणीच्या घरी होती. परत आली तर खुंटी रिकामी. तेव्हापासून एवढ्या एकाच गोष्टीवर ती झोपतेय, की पोराच्या अंगात कोट होता. मी तुला सांगितलं होतं हे. पिंपांपाशी."

सांगितलं होतं. मी पापण्या बघत होतो. वचन दिलं.

म्हणजे मी काय घालून आजींच्या घरात उभा राहिलो ते आत्ता कुठे मला कळलं. पुरावा म्हणे! मी आनंदाने जिना उतरलो होतो.

"त्या माणसालाच शोधायला हवं," सिग्ने म्हणाली. "त्यानं यायला हवं आणि सांगायला हवं, मी होतो. बाकी काही नाही, एवढंच."

१८ डिसेंबर

गुरांसाठी पेंड आणायला कोठारावर गेलो. डुएन पोती मोजत होता. मी काही बोलायच्या आतच म्हणाला, "उजव्या बुटाची नाडी हिरवी आहे तुझ्या. त्या दिवशीपण होती."

"मग सांगितलं का नाहीस तिला?"

"मला वाटलं तू सांगशील." पोतं खांद्यावर घेऊन निघाला. दोन पावलांवर थांबला. "रोज वाटतं, आज सांगेल."

मी त्याला एक ठेवून देणार होतो. खरंच मूठ वळली होती. त्याने मला काही वाईटसाईट बोलायला हवं होतं, मग ते जमलं असतं.

१९ डिसेंबर

गेलो.

ठरवून गेलो होतो काय बोलायचं. मी होतो, एवढंच. कोटाचं विचारलं तर माझ्या मामाचा म्हणायचं. तसे कोट खूप असतात. अर्ध्या वाटेवर एकदा परत फिरलो, एकदा रस्त्यावरून पश्चिमेकडची बस जाताना दिसली तेव्हा हात वर करावासा वाटला.

दार उघडंच होतं. आत शिरलो तर आजी कोटबिट घालून, मांडीवर घोंगडी घेऊन दाराशीच बसलेल्या. पावलांचा आवाज ऐकून ताठ झाल्या. तोंडावर जे आलं ते मी बघितलं. ते परत जाईपर्यंत बघावं लागलं.

"आजी, मी हाल्वर. एनोकचा."

"ये. दार लाव, थंडी येते." एवढे दिवस दार उघडं टाकून बसलेली बाई हे म्हणाली.

मी उभ्या उभ्याच सांगितलं. तो बोकड मी होतो. तुम्ही नाव घेतलंत, मी हो म्हणालो. सिग्ने ओळखेल म्हणून घाबरलो होतो. आवाज माझा मलाच ऐकवत नव्हता. स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज चालला होता, तो थांबला.

आजी घोंगडीच्या दशा विंचरत राहिल्या. मग म्हणाल्या, "कोट कुठला?"

"माझ्या मामाचा."

"बाळा," त्या म्हणाल्या, "ते रफू मी घातलंय. कंदिलाच्या उजेडात, चुकीच्या रंगाच्या दोऱ्यानं, कारण बरोबर रंगाचा संपला होता. एकदा खोटं बोललास तेवढं पुरे झालं. कोट कुठला?"

मी सिग्नेला वचन दिलं होतं. ती आता स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, ओल्या हातांनी. मान हलवत होती, नको, नको. आजींना ती दिसत नव्हती. मला दोघी दिसत होत्या.

मी म्हणालो, "चर्चच्या माळ्यावर होता. जुन्या कपड्यांच्या पेटीत."

"कुणी टाकला?"

"तोर्वाल आजोबांनी."

"कधी?"

"तो गेला त्या आठवड्यात."

शेकोटीतलं लाकूड फुटलं. आजींचा चेहरा खिडकीकडे होता, बाहेर बर्फाशिवाय काही नव्हतं, आणि तेही त्यांना दिसत नव्हतं.

"जानेवारी होता," त्या म्हणाल्या.

एवढंच. मग उठल्या, भिंतीला हात लावत आतल्या खोलीपर्यंत गेल्या. दारातून म्हणाल्या, "सिग्ने, आईला फोन कर. बावीसला येतो म्हणावं." आणि दार लावून घेतलं.

मी सिग्नेकडे बघितलं. वाटलं आता ओरडेल, ओला फडका तोंडावर फेकेल. मी तयार होतो, मला ते हवंच होतं.

"माझ्या शेजारी बसून शोधत फिरलास," ती हळू म्हणाली. "डुएनला मी काय काय बोलले. तू ऐकत होतास."

मग तिनं दार उघडून धरलं, मी बाहेर पडेपर्यंत.

घरी येऊन आईला आणि बाबांना सांगितलं. आई खुर्चीत बसली. बाबांनी बराच वेळ कप फिरवला. मला वाटलं बादली मागतील. म्हणाले, "त्या थंडीनं आजींना काही झालं तर जबाबदार तू." आणि थोड्या वेळाने, "ऑरिन माझ्याच वर्गात होता." ते मला माहीत नव्हतं.

२१ डिसेंबर

दुपारी आजींचा निरोप आला: कोट घेऊन ये.

चर्चमधून घेतला आणि नेला. अंगात घातला नाही, हातावर धरून नेला. बाहेर उणे वीस होतं आणि मी पातळ जाकिटात, पण तो घालायची माझी हिंमत झाली नाही.

अंगणात डुएनची गाडी उभी होती. उद्या तोच त्यांना मिनीआपोलिसला नेणार आहे. सिग्ने त्याच्याबरोबर मागच्या सीटवर उशा लावत होती. मी जवळून गेलो. तिनं बघितलं नाही. न बघण्यासाठी मान वळवलीसुद्धा नाही, उशी नीट करत राहिली. डुएनने मान हलवून 'आत आहेत' अशी खूण केली.

आजींनी कोट मांडीवर घेतला. मला 'बस' म्हणाल्या नाहीत, 'जा'ही म्हणाल्या नाहीत, म्हणून मी उभा राहिलो. त्यांनी कॉलरपासून सुरुवात केली. कातडं, काजं, बटणं, सगळ्यावरून बोटं फिरली. उजव्या खिशाची शिवण उसवली होती, मीच हात कोंबून उसवली असणार. सुई-दोरा शेजारी तयार होता. दोरा त्यांना ओवता येईना. दोनदा, तीनदा सुईच्या बाजूने गेला. मी हात पुढे केला.

"ओवून दे," त्या म्हणाल्या.

मी ओवला. मलाही वेळ लागला. त्यांनी बोटांच्या अंदाजाने खिसा शिवला, बारीक, दाट टाके. गाठ मारून दोरा दातांनी तोडला.

मी म्हणालो, "आजी, मला..."

"मी तुला काही विचारलेलं नाही," त्या म्हणाल्या. रागाने नाही.

कोटाची घडी घातली. नाकाशी नेला, क्षणभरच. मला वाटलं आता त्या तो जवळ ठेवतील, बॅगेत घालतील. त्यांनी घडी माझ्या हातात दिली.

"माळ्यावर नको," म्हणाल्या. "खाली दाराशी पेटी असते ना, गरजूंची? तीत टाक. वरच ठेव, लगेच दिसेल असा." आणि मग, बाहेर गाडीचं दार लागल्याचा आवाज ऐकत, "जानेवारी येतोय. कुणी ना कुणी उघडा असेल."